पर्यावरणीय परिणामांपैकी लक्षणीय कोणते, हे कसे ठरवावे

नाशिकच्या सातपूर-अंबड भागातल्या प्लेटिंगच्या (धातूवर दुसऱ्या धातूचा मुलामा देण्याच्या) कारखान्यात पर्यावरणीय पैलूंची, म्हणजे पर्यावरणावर परिणाम करू शकणाऱ्या गोष्टींची, यादी करायला बसले, की कार्यालयातल्या कागदापासून बॉयलरच्या धुरापर्यंत सारे काही तीत येते. त्यातले लक्षणीय कोणते, हे ठरवणे मात्र कष्टाचे असते. आयएसओ १४००१:२०१५ या पर्यावरण व्यवस्थापनाच्या मानकाच्या कलम ६.१.२ नुसार त्यासाठीचे निकष लेखी असावे लागतात. गुण कसे द्यायचे, हे मात्र संस्थेनेच ठरवायचे असते.

पैलू आणि परिणाम प्रथम वेगळे लिहावेत. क्रोमच्या टाकीतून काढलेला जॉब (मुलामा दिलेला भाग) धुतल्यावर वाहणारे पाणी हा पैलू. ते नाल्यावाटे नंदिनी नदीत व पुढे गोदावरीत गेल्यास होणारे प्रदूषण हा परिणाम. टाकी फुटणे, देखभालीसाठी ती रिकामी करणे, वीज जाऊन ईटीपी (सांडपाणी प्रक्रिया संयंत्र) बंद पडणे या स्थितींना स्वतंत्र ओळी द्याव्यात. दिंडोरीकडच्या वायनरीने तर द्राक्षहंगामातले टाक्या धुण्याचे पाणी वेगळे मोजावे, कारण वर्षाच्या सरासरीत तो भार दिसतच नाही.

गुण देताना बहुतेक जण तीव्रता आणि वारंवारिता यांना १ ते ५ गुण देऊन गुणाकार करतात. येथेच घोटाळा होतो. क्रोमची टाकी फुटण्याची तीव्रता ५ आणि शक्यता १, तर कागदाच्या वापराची तीव्रता १ आणि वारंवारिता ५. दोहोंचा गुणाकार ५ येतो, आणि कारखान्यातल्या कोणालाही हा हिशेब पटणार नाही. म्हणून गुणाकाराआधी दोन चाळण्या लावाव्यात: ज्या पैलूला कायद्याची मर्यादा किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रातली अट लागू आहे (प्लेटिंगच्या सांडपाण्यातील हेक्साव्हॅलंट क्रोमियमला (क्रोमियमच्या विषारी रूपाला) लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमची मर्यादा आहे), तो थेट लक्षणीय धरावा, आणि ज्याची तीव्रता ५ आहे, तोही, शक्यता कितीही कमी असली तरी. उरलेल्यांसाठी गुणाकार पुरेसा आहे.

ईटीपी आहे म्हणून तीव्रतेचे गुण उतरवण्याचा मोह टाळावा. नियंत्रण नसते तर काय झाले असते, हे धरूनच गुण द्यावेत, म्हणजे त्या नियंत्रणाचे मोलही नोंदीत राहते. ऑडिटच्या आदल्या रात्री एकट्याने एक्सेल भरण्यापेक्षा टाकीवरचा ऑपरेटर आणि देखभालीचा माणूस सोबत बसवावा. रसायन, यंत्र किंवा उत्पादन बदलले, की संबंधित ओळी त्याच आठवड्यात पुन्हा तपासाव्यात. वार्षिक आढाव्याची वाट पाहू नये.