एकविसावा दिवस उलटला तरी पिल्लं निघेनात: विदर्भातल्या हिवाळी उबवणीसाठी सल्ला

डिसेंबर-जानेवारीत नागपूर, गोंदिया, भंडारा, गडचिरोली पट्ट्यात रात्रीचा पारा दहा अंशांच्या खाली जातो. २९ डिसेंबर २०१८ ला तर नागपुरात ३.५ अंशांची नोंद झाली होती. पन्नास ते दोनशे अंड्यांची थर्माकोलची किंवा पत्र्याची लहान उबवणी यंत्रं वापरणाऱ्या घरांत आणि बचत गटांत याच दिवसांत एक तक्रार हमखास असते: एकवीस दिवस झाले, दोन-चार पिल्लं निघाली, बाकीची अंडी तशीच पडून आहेत. मग कोणी यंत्र बंद करतं, कोणी अंडी फोडून बघतं. दोन्हींत जिवंत पिल्लं मरतात. तेविसावा दिवस पूर्ण होईपर्यंत यंत्र चालू राहिलंच पाहिजे.

आधी दिवस नीट मोजा. अंडी ठेवली तो दिवस शून्य. मंगळवारी संध्याकाळी सहाला ठेवली असतील, तर बुधवारी संध्याकाळी सहाला पहिला दिवस भरतो आणि तीन आठवड्यांनंतरच्या मंगळवारी संध्याकाळी सहाला एकविसावा. ठेवल्याचा दिवस पहिला धरला की सोमवारीच घरात काळजी सुरू होते आणि मुळात उशीर झालेलाच नसतो. अंडी गार असताना ठेवली असतील, तर ती तापायला लागलेले तासही यात धरा. बदकाची अंडी त्याच यंत्रात असतील तर त्यांना २८ दिवस लागतात. त्यांचा हिशेब वेगळा ठेवा.

पिल्लू बाहेर कसं येतं

हे समजलं की हात आपोआप आवरता येतो. विसाव्या दिवसाच्या आसपास पिल्लू चोचीने आधी आतला पापुद्रा फोडतं आणि अंड्याच्या रुंद टोकाकडच्या हवेच्या पोकळीत श्वास घेऊ लागतं. अंडं कानाशी धरलं तर बारीक चिवचिव आणि टकटक ऐकू येते. बाहेर मात्र काही दिसत नाही. त्यानंतर १२ ते २४ तासांनी कवचावर चांदणीसारखा बारीक तडा उमटतो. इथून पूर्ण बाहेर यायला आणखी १२ ते २४ तास लागतात. या मधल्या वेळात पिल्लू निपचित वाटतं, पण आत सगळ्यात महत्त्वाचं काम चालू असतं: उरलेला बलक बेंबीतून पोटात ओढला जातो आणि पापुद्र्यातल्या शिरांमधलं रक्त पिल्लाच्या अंगात परत जातं. हे पूर्ण व्हायच्या आत कोणी कवच सोललं तर शिरा फुटतात, बलक बाहेर राहतो आणि पिल्लू काही तासांत जातं. काम पूर्ण झालं की पिल्लू आतल्या आत फिरत टोकाभोवती कवच गोल कापतं आणि टोपण ढकलून बाहेर पडतं.

एकवीस दिवस भरल्यावर काय करावं

एकाही अंड्याला तडा नसेल तर रात्री खोली अंधारी करून, दार-खिडक्या लावून, अंडी एकेक करून टॉर्चवर बघा. प्रत्येक अंड्याला पाच-सात सेकंद पुरतात. जिवंत अंड्यात हवेची पोकळी मोठी, जवळजवळ तिसरा हिस्सा व्यापलेली आणि एका बाजूला कललेली दिसते. बाकीचं अंडं गच्च काळं असतं. पोकळीच्या कडेला चोचीची सावली हलताना दिसली तर त्या अंड्याला फक्त वेळ हवा आहे. आतला भाग पातळ होऊन डचमळतो आहे, पोकळीची कड धूसर झाली आहे किंवा वास येतो आहे, अशी अंडी लगेच बाहेर काढा. सडकं अंडं यंत्रात फुटलं तर बाकीच्या पिल्लांची बेंबी दूषित होते.

काही अंड्यांना तडे गेले असतील तर मात्र यंत्र उघडू नका. झाकण उघडलं की आतली दमट हवा क्षणात निघून जाते आणि तडा गेलेल्या अंड्याचा पापुद्रा वाळून पिल्लाच्या अंगाला चिकटतो. हिवाळ्यात हे फार लवकर घडतं. आधी निघालेल्या पिल्लांची चिंता करू नका. पोटातल्या बलकावर ती दोन दिवस सहज काढतात आणि त्यांच्या चिवचिवाटाने आतल्या पिल्लांनाही हालचालीची चालना मिळते. सुकून फुललेली पिल्लं दिवसातून एकदा, मिनिटभरात, एकाच खेपेत काढा. झाकण पूर्ण न उचलता एका कोपऱ्यातून हात घाला.

कोमट पाण्यात अंडं सोडून ते हलतं का बघण्याची पद्धत गावोगाव चालते. तडा गेलेलं अंडं पाण्यात घातलं तर पिल्लू बुडून मरतं, आणि बारीक तडा डोळ्याला सहज दिसत नाही. टॉर्च असताना पाण्याच्या वाटेला जाऊ नका.

मदत करायची तर कशी

तडा गेल्यावर २४ तास उलटले, भोक वाढलं नाही आणि पिल्लू आवाज देतंय, तेव्हाच हात लावा. पापुद्रा पिवळट-तपकिरी आणि कडक झाला असेल तर पिल्लू अडकलं आहे हे नक्की. पांढरा, ओलसर पापुद्रा आणि त्यात लाल शिरा दिसत असतील तर अंडं परत ठेवा, अजून सहा ते आठ तास थांबा.

हात साबणाने धुवा. उकळून कोमट केलेलं पाणी, कापूस आणि बोथट टोकाचा चिमटा जवळ घ्या. कापूस पिळून पापुद्रा ओलसर करा, चोचीच्या नाकपुड्यांत पाणी जाऊ देऊ नका. मग तड्यापासून सुरुवात करून फक्त हवेच्या पोकळीवरचं कवच थोडं थोडं काढा. रक्ताचा एक थेंब दिसला तरी थांबा आणि अंडं परत यंत्रात ठेवा. निमुळत्या टोकाकडचं कवच कधीच काढू नका, बलकाची पिशवी तिकडेच असते. डोकं मोकळं झालं की पुढचं काम पिल्लावर सोडा. पायाने ढकलून बाहेर येण्यातच त्याच्या पायात बळ येतं.

तडाच निमुळत्या टोकाला गेला असेल तर पिल्लू उलटं बसलेलं आहे. अशी अंडी मोठं टोक खाली ठेवल्यामुळे किंवा फिरवणं कमी पडल्यामुळे वाढतात. भोक मोकळं राहील एवढं बघा. यातली थोडीच पिल्लं वाचतात.

उशीर मुळात कुठून आला

बहुतेक वेळा उशीर पहिल्या अठरा दिवसांतच झालेला असतो आणि त्याचं मुख्य कारण कमी तापमान. पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सियस लागतं. बिनपंख्याच्या यंत्रात अंड्याच्या वरच्या पातळीला ३८.३ ते ३८.९ अंश. अख्ख्या काळात अर्धा अंश जरी कमी राहिला तरी पिल्लं जवळपास दिवसभर उशिरा निघतात. लहान यंत्रांत सेन्सर बहुधा बल्बजवळ किंवा पंख्यासमोर लटकलेला असतो. पडद्यावर ३७.५ दिसतं आणि कोपऱ्यातली अंडी ३६ वर बसलेली असतात. बाहेर आठ अंश असताना हा फरक आणखी वाढतो.

तपासायची सोपी रीत अशी: औषधाच्या लहान बाटलीत पाणी भरून बूच लावा आणि कोपऱ्यातल्या अंड्यांमध्ये सहा तास ठेवा. नंतर ताप मापायच्या डिजिटल थर्मामीटरने त्या पाण्याचं तापमान घ्या. बल्ब लागतो-विझतो तशी हवा वरखाली होते, पण बाटलीतलं पाणी, अंड्याप्रमाणेच, सरासरी धरून ठेवतं. मध्ये आणि चारही कोपऱ्यांत हे एकदा करून बघा. कोपरा थंड निघाला तर रोज फिरवताना मधली अंडी कडेला आणि कडेची मध्ये आणा.

यंत्र कुठे ठेवलं हेही तितकंच महत्त्वाचं. कोठ्यात, व्हरांड्यात, टिनाच्या शेडखाली ठेवलेलं यंत्र पहाटे हमखास मागे पडतं. घरातल्या मधल्या खोलीत, भिंतीपासून वीतभर अंतरावर, जमिनीवर न ठेवता स्टूलावर ठेवा. उब धरावी म्हणून हवेची भोकं मात्र बुजवू नका. अठराव्या दिवसानंतर पिल्लांना प्राणवायू सर्वात जास्त लागतो. पूर्ण वाढून, तडा न देताच मेलेल्या पिल्लांमागे बंद भोकं हे एक मोठं कारण असतं.

रात्री लाईट गेली तर झाकण न उघडता यंत्रावर गोधडी किंवा घोंगडी टाका, भोकं उघडी ठेवा. तासाभराहून जास्त वेळ लागणार असेल तर गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून यंत्राच्या बाहेरून बाजूंना लावा. काही तास गार पडलेली अंडी सरसकट फेकू नका. गर्भ बराच गारठा सोसतो, पिल्लं मात्र उशिरा आणि कमी निघतात. चार-पाच दिवस यंत्र चालवून मग टॉर्चवर बघा आणि ठरवा.

दुसरं कारण अंडी. साठवणुकीचा एकेक दिवस उबवणीत साधारण तासभर वाढवतो, आणि सात दिवसांपुढे पिल्लं निघण्याचं प्रमाणही घसरतं. पंधरा दिवस गोळा करून ठेवलेली अंडी आणि कालची अंडी एकत्र ठेवली तर निघणंही विखुरलेलंच होणार. गिरिराज, वनराज या सुधारित जातींची मोठी अंडी गावरान कोंबडीच्या लहान अंड्यांपेक्षा काही तास जास्त घेतात. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने तारीख लिहा. मार्कर नको, शाई कवचातून आत जाते. हिवाळ्यात सकाळ-दुपार-संध्याकाळ अंडी उचला, रात्रभर खुराड्यात राहू देऊ नका. फ्रिजमधली अंडी उबवणीला चालत नाहीत. ठेवण्याआधी अंडी सहा-आठ तास खोलीच्या उबेत येऊ द्या. गार अंडी थेट यंत्रात घातली की कवचावर दव धरतं आणि त्यातून जंतू आत शिरतात.

पाणी: हिवाळ्यात इथेच जास्त चुकतं

बाहेर धुकं पडलं म्हणून यंत्रात ओल पुरेशी आहे असं समजू नका. १५ अंशाला ६० टक्के आर्द्रता असलेली हवा यंत्रात ३७.५ अंशांपर्यंत तापली की तीच आर्द्रता जेमतेम १६ टक्के उरते. पहिले अठरा दिवस ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के लागते. टोकाला ओलं फडकं गुंडाळलेल्या तापमापीवर हे अनुक्रमे २९ आणि ३२ अंशांच्या आसपास दिसतं. आर्द्रता पाण्याच्या खोलीने वाढत नाही, पाण्याच्या पसरटपणाने वाढते. खोल वाटीऐवजी रुंद ताट ठेवा, कमी पडलं तर त्यात स्पंज किंवा सुती फडकं घाला. भोकातून सलाईनची नळी आत सोडली तर झाकण न उघडता कोमट पाणी भरता येतं. ही पाच मिनिटांची सोय शेवटच्या तीन दिवसांत बरीच पिल्लं वाचवते.

स्वस्त हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं साधन) दहा टक्क्यांनी सहज चुकतात. चमचाभर मीठ थोड्या पाण्याने चिखलासारखं ओलं करा, बाटलीच्या झाकणात घाला आणि हायग्रोमीटरसोबत हवाबंद पिशवीत आठ तास ठेवा. आकडा ७५ यायला हवा. जेवढा फरक येईल तेवढा पुढे धरून चाला.

अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचं वजन ११ ते १३ टक्के घटायला हवं. ५० ग्रॅमचं अंडं ४४ ग्रॅमच्या आसपास यावं. किराणा दुकानातल्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर दहा अंडी एकत्र तोलली तरी पुरे. घट कमी असेल तर पिल्लं फुगीर, चिकट आणि सुस्त निघतात. अठराव्या दिवशी फिरवणं बंद करायला विसरू नका. आपोआप फिरणारा ट्रे तसाच चालू राहिला तर पिल्लाची बाहेर येण्याची बैठकच बिघडते.

उशिरा निघालेली पिल्लं

बाविसाव्या-तेविसाव्या दिवशीची पिल्लं आधीच्या घोळक्यात सोडू नका. दीड-दोन दिवसांनी मोठी असलेली पिल्लं त्यांना तुडवतात, उघड्या बेंबीवर टोचतात. वेगळ्या खोक्यात, पिल्लाच्या उंचीला ३५ अंश मिळेल असा बल्ब लावून ठेवा. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र नको, पाय फाकतात. गोणपाटाचा तुकडा घाला. पाय फाकलेच तर मऊ पट्टीने दोन्ही पाय दोन-तीन सेंटिमीटर अंतर ठेवून सैल बांधा, तीन-चार दिवसांत बहुतेक पिल्लं सावरतात. बेंबी ओली असेल तर पोव्हिडोन आयोडीनचा बोळा हलकेच लावा. बाहेर लोंबणारी वाळकी दोरी ओढू नका, ती आपली गळते. आधी चोच बुडवून कोमट पाणी पाजा, दाणा नंतर. मरेक्स रोगाची लस पहिल्या दिवशी आणि राणीखेत (मानमोडी) रोगाची लासोटा लस पाच ते सात दिवसांच्या दरम्यान. या पिल्लांचं वय त्यांच्या स्वतःच्या जन्मापासून मोजा. आठवडी बाजारात विकताना ही पिल्लं दहा दिवस तरी सांभाळून मगच द्या.

उरलेली अंडी फोडून बघा

तेवीस दिवस भरल्यावर उरलेली अंडी घराबाहेर, मोठ्या टोकाकडून फोडा आणि वहीत लिहा. स्वच्छ पिवळा बलक असेल तर अंडं फळलेलंच नव्हतं. दहा कोंबड्यांमागे एक तरणा नर आहे का, ते बघा. रक्ताचं कडं असेल तर गर्भ पहिल्या काही दिवसांत मेला: जुनी अंडी, हेलकावे किंवा सुरुवातीला चुकलेलं तापमान. पूर्ण वाढलेलं, कोरडं, पापुद्रा चिकटलेलं पिल्लू म्हणजे शेवटी पाणी कमी पडलं. पूर्ण वाढलेलं पण ओलं, सुजलेलं आणि बलक बाहेर असलेलं पिल्लू म्हणजे आर्द्रता जास्त किंवा उष्णता कमी. सगळी पिल्लं धडधाकट, फक्त एकसारखी दिवसभर उशिरा निघाली असतील, तर पुढच्या खेपेला तापमान ०.३ अंशाने वाढवा, त्याहून जास्त नको. अठरा दिवसांनंतर मात्र उशीर भरून काढायला उष्णता वाढवू नका.

फोडलेली अंडी दोन-तीन फूट खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, कुत्र्यांना घालू नका. एकाच कळपाच्या अंड्यांत खेपेमागून खेप पूर्ण वाढलेली पिल्लं मरत असतील, किंवा निघालेली पिल्लं पहिल्याच आठवड्यात पांढरी हगवण होऊन जात असतील, तर दोष यंत्राचा नसून अंड्यातून येणाऱ्या पुलोरम रोगाचा असू शकतो. ताजी मेलेली दोन-तीन पिल्लं पिशवीत बर्फावर ठेवून त्याच दिवशी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तपासायला न्या, आणि निकाल येईपर्यंत त्या कळपाची अंडी यंत्रात ठेवू नका.