घरी नेब्युलायझर वापरताना

मुंबईत पावसाळ्याची ओल धरली की, आणि पुढे दिवाळीपासून हवेत धूर व बांधकामाची धूळ साचू लागली की, दमा किंवा सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होत जाणारा फुप्फुसांचा जुनाट आजार) असलेल्यांच्या घरी नेब्युलायझर, म्हणजे द्रव औषधाचे सूक्ष्म तुषार (बोलीत ‘वाफ’) करून श्वासातून देणारे यंत्र, कपाटातून बाहेर निघतो. बटण दाबले की यंत्र चालू होते, त्यामुळे त्यातून दिले जाणारे औषध हे रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात दिले जाणारेच औषध आहे, याचा घरच्यांना विसर पडतो. पंपाच्या (इनहेलरच्या) एका फवाऱ्यात सालब्युटामॉल हे श्वासनलिका सैल करणारे औषध साधारण १०० मायक्रोग्रॅम असते, तर नेब्युलायझरच्या नेहमीच्या एका रेस्प्यूलमध्ये (एका वेळच्या औषधाच्या प्लास्टिकच्या कुपीत) ते २.५ मिलिग्रॅम, म्हणजे २५ फवाऱ्यांइतके भरते. त्यातला मोठा भाग हवेत आणि यंत्रातच वाया जातो हे खरे. तरीही दर दोन तासांनी मनाने वाफ घेत राहिल्यास हात थरथरतात, छातीत धडधडते, रक्तातील पोटॅशियम उतरते, आणि आधीच हृदयविकार असलेल्या वृद्धांना त्याचा धोका अधिक असतो.

म्हणून पहिली गोष्ट कागदाची. कोणते औषध, किती मात्रेत, दिवसातून किती वेळा, किती दिवस, आणि आराम पडला नाही तर पुढे काय करायचे, हे डॉक्टरांकडून स्पष्ट अक्षरात लिहून घ्यावे आणि तो कागद यंत्राच्या पेटीतच ठेवावा. घरात बहुधा दोन प्रकारची औषधे असतात. सालब्युटामॉल, लेव्होसालब्युटामॉल आणि इप्राट्रोपियम ही आवळलेल्या श्वासनलिका सैल करतात आणि त्यांचा परिणाम काही मिनिटांत जाणवू लागतो. ब्युडेसोनाइड हे स्टिरॉइड श्वासनलिकांची सूज हळूहळू उतरवते, त्यामुळे धाप लागलेली असताना केवळ त्याच्यावर विसंबून चालत नाही. उलट, पहिल्या प्रकारच्या औषधाने मोकळे वाटले म्हणून स्टिरॉइड परस्पर बंद केले, तर आतली सूज तशीच राहते. नावांच्या सारखेपणाकडेही बारकाईने पाहावे. लेव्होलिन आणि ड्युओलिन या दोन्हींत लेव्होसालब्युटामॉल असते. त्यामुळे एकात एक घालून दिल्यास तेच औषध दुप्पट जाते. केमिस्टने एकाऐवजी दुसरे दिले, तर आधी डॉक्टरांना विचारावे.

औषधाच्या वाटीत डॉक्टरांनी लिहून न दिलेले काहीही घालू नये. निलगिरीचे तेल, कापूर, काढा, पोटात घ्यायचे सिरप, शिल्लक राहिलेले इंजेक्शन यांपैकी कशाचीही जागा तिथे नाही. तेलकट पदार्थाचे सूक्ष्म थेंब फुप्फुसात गेल्यास न्यूमोनियासारखा आजार होऊ शकतो. औषध पातळ करायचे असल्यास ०.९ टक्के नॉर्मल सलाइनच वापरावे. नळाचे, उकळलेले, बाटलीबंद किंवा डिस्टिल्ड, यांपैकी कोणतेही पाणी चालत नाही, कारण साध्या पाण्याच्या तुषारांनी संवेदनशील श्वासनलिका आणखी आवळू शकतात आणि अशुद्ध पाण्यातील जंतू थेट फुप्फुसात पोहोचतात.

आता प्रत्यक्ष कृती. साबणाने हात धुऊन, रेस्प्यूलवरील नाव, मात्रा आणि मुदत पाहून औषध वाटीत ओतावे. कॉम्प्रेसरच्या बहुतेक यंत्रांत एकूण द्रव ३ ते ५ मिलिलिटर असला तर वाफ नीट तयार होते. ब्युडेसोनाइडची कुपी उघडण्यापूर्वी हलक्या हाताने हलवावी. हे औषध अल्ट्रासॉनिक प्रकारच्या यंत्रात देऊ नये. रुग्णाला ताठ बसवावे आणि वाटी उभी राहील असे पाहावे. मास्क चेहऱ्याला नीट चिकटलेला हवा; मूल रडते म्हणून तो नाकासमोर दूर धरून ठेवला, तर फुप्फुसात फारच थोडे औषध जाते, आणि रडतानाही ते नीट पोहोचत नाही. त्यापेक्षा मुलाला मांडीवर घेऊन, आधी औषध न घालता मास्कची सवय करून द्यावी. मोठ्यांनी शक्य तेथे माउथपीस (ओठांत धरायचा तोंडाचा भाग) वापरावा. विशेषतः काचबिंदू असलेल्यांनी इप्राट्रोपियम मास्कमधून घेताना ते डोळ्यांत जाऊ देऊ नये, कारण त्याने डोळ्यातील दाब अचानक वाढू शकतो. श्वास नेहमीसारखा, शांतपणे घ्यावा. साधारण दहा मिनिटांनी वाटीतून फुरफुर आवाज येऊ लागला की यंत्र थांबवावे. तळाशी थोडे औषध उरतेच, ते टाकून द्यावे. स्टिरॉइड घेतल्यावर चूळ भरून थुंकावी, नाहीतर तोंडात बुरशीचे पांढरे चट्टे येऊ शकतात; मास्क वापरला असल्यास चेहराही पुसावा.

वाफ घेताना रुग्ण खोकतो आणि त्याच्या श्वासातील जंतू खोलीत पसरू शकतात. दहा बाय दहाच्या खोलीत चारपाच माणसे राहत असतील, तर खिडकी उघडून, इतरांना, निदान लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना, तेवढा वेळ बाहेर बसवावे. क्षयरोगाचे प्रमाण मोठे असलेल्या या शहरात ही सावधगिरी अनावश्यक नाही. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्यावर नुसती वाफ घेत बसू नये. महापालिकेच्या दवाखान्यात थुंकीची तपासणी विनामूल्य होते, ती करून घ्यावी. चाळीत किंवा इमारतीत यंत्र शेजाऱ्याला देण्याची पद्धत आपुलकीची आहे, पण मास्क, वाटी आणि नळी ज्याची त्यानेच वापरावी, आणि दुसऱ्याच्या मुलासाठी लिहिलेली मात्रा आपल्या मुलाला कधीही देऊ नये.

सर्वाधिक हयगय होते ती स्वच्छतेत, आणि मुंबईच्या दमट हवेत तीच सर्वाधिक महागात पडू शकते. प्रत्येक वापरानंतर वाटी, मास्क व माउथपीस सुटे करून कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुवावेत, स्वच्छ पाण्याने खळबळावेत, पाणी झटकावे आणि धुतलेल्या सुती कापडावर, जाळीखाली, पूर्ण कोरडे होऊ द्यावेत. जुलै-ऑगस्टमध्ये ते रात्रभर ठेवूनही ओले राहतात. अशा वेळी दुसरा संच विकत घेऊन आलटूनपालटून वापरणे हा खर्च योग्यच आहे. ओल्या वाटीचे झाकण लावून ती पिशवीत कोंबली की आत जंतू वाढतात, आणि पुढच्या खेपेस औषधाबरोबर तेच छातीत जातात. हवेची नळी धुवू नये. आत बाष्प दिसल्यास ती वाटीपासून सोडवून यंत्र मिनिटभर नुसते चालवावे. उकळून निर्जंतुक करायचे की नाही, हे यंत्राच्या माहितीपत्रकावरून ठरवावे, कारण सगळे प्लास्टिक ते सोसत नाही. गाळणी काळी पडल्यास बदलावी. यंत्र गादीवर ठेवू नये.

बऱ्याच रुग्णांना स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी, जिच्यातून फवारा सावकाश श्वासात घेता येतो) लावून पंप घेतल्यानेही नेब्युलायझरइतकाच आराम पडतो. तो पर्समध्ये मावतो, लोकलच्या गर्दीत आणि वीज गेल्यावरही वापरता येतो. त्यामुळे डॉक्टरांना त्याबद्दल जरूर विचारावे. सीओपीडीच्या रुग्णाने ऑक्सिजन सिलिंडरवर नेब्युलायझर स्वतःहून जोडू नये, कारण जास्त ऑक्सिजनमुळे काही रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइड साचतो.

वाफ घेऊनही धाप कमी होत नसेल, किंवा तीनचार तासांच्या आतच पुन्हा वाफ लागत असेल, तर घरी थांबू नये. एक वाक्य सलग बोलता न येणे, श्वास घेताना बरगड्यांमधला भाग आत ओढला जाणे, ओठ निळसर होणे, गुंगी येणे, बाळाने दूध न ओढणे, किंवा ऑक्सिमीटरवर ९२ पेक्षा कमी आकडा (सीओपीडीत डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेपेक्षा कमी) ही तातडीची लक्षणे आहेत. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. डॉक्टरांनी लिहून दिलेली वाफ रुग्णवाहिका येईपर्यंत चालू ठेवता येते. निघताना औषधाचा कागद, रिकामे रेस्प्यूल आणि शेवटची वाफ किती वाजता दिली याची नोंद बरोबर घ्यावी, म्हणजे तिथल्या डॉक्टरांना पुढची मात्रा ठरवता येईल.