नागपूर जिल्ह्याचा उतारदिशा नकाशा: टर्मिनलवर, जीडॅल वापरून

उताराचं तोंड कुठल्या दिशेला आहे, हे दाखवणारा नकाशा जीडॅलमध्ये (नकाशांच्या माहितीवर काम करणारं मोफत सॉफ्टवेअर) एका कमांडमध्ये तयार होतो. नागपुरात मात्र खरं काम त्या कमांडच्या आधी आणि नंतर आहे, कारण जिल्ह्याचा बराच भाग जवळजवळ सपाट आहे. सपाट जमिनीच्या उताराला तोंड नसतं, तरी उंचीच्या आकड्यांत अर्ध्या मीटरचा फरक दिसला की संगणक तिथेही दिशा काढून देतो. असा नकाशा रंगीत आणि सुबक दिसतो, पण त्यातली अर्धी माहिती खोटी असते. त्यामुळे दिशेचा नकाशा नेहमी उताराच्या नकाशासोबतच काढायचा.

खालच्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या रोमन लिपीत, इंग्रजी आकड्यांसह टाइप करा. उबुंटूवर जीडॅल-बिन आणि पायथन३-जीडॅल ही दोन पॅकेजं लागतात. विंडोजवर ओएसजीईओ४डब्ल्यूचं (जीडॅल सोबत देणारा संच) शेल, म्हणजे कमांडची खिडकी, उघडा.

कुठली उंची घ्यायची

मोफत मिळणाऱ्या माहितीत कोपर्निकस ३० मीटर (युरोपच्या कार्यक्रमाची उपग्रहावरून मोजलेली उंची) ही नागपूरसाठी पहिली पसंती. तिच्यात उंची दशांशात असते. एसआरटीएमची (नासाच्या अवकाशयानातून झालेली मोजणी) उंची पूर्ण मीटरमध्ये आहे, आणि मंद उताराच्या जमिनीवर हाच फरक निर्णायक ठरतो. २९८ च्या शेजारी एकदम २९९ आलं की मधला हलका उतार पायरी बनतो, आणि त्या पायरीवर निघणारी दिशा हमखास ०, ४५, ९० अशा ठरावीक आकड्यांवर येऊन बसते.

वर्षही पाहा. एसआरटीएमची मोजणी फेब्रुवारी २००० मधली आहे, कोपर्निकसची मूळ मोजणी २०११ ते २०१५ मधली. उमरेड किंवा सावनेरच्या कोळसा खाणींजवळ त्यानंतर खणलेले खड्डे आणि रचलेले मातीचे ढीग या माहितीत सापडणार नाहीत. शिवाय दोन्ही रडारच्या मोजण्या आहेत, म्हणजे झाडांचे शेंडे आणि इमारतींची छपरंही उंचीत मिसळलेली असतात. सीताबर्डीच्या दाट वस्तीत मिळणारी दिशा जमिनीची समजू नका. पेंचच्या जंगलाच्या कडेलाही झाडोऱ्याची भिंत उतार म्हणून उमटते.

ही माहिती एक-एक अंशाच्या चौकोनी फाइलींत, म्हणजे टाइलमध्ये मिळते. नागपूर शहर आणि रामटेक एन२१ई०७९ (२१ उत्तर, ७९ पूर्व) या टाइलमध्ये येतात. काटोल, कळमेश्वर आणि सावनेर एन२१ई०७८ मध्ये, तर बुटीबोरी आणि उमरेड एन२०ई०७९ मध्ये. पूर्ण जिल्ह्यासाठी एन२०ई०७८ धरून चारही टाइल उतरवा.

जोडणी आणि प्रक्षेपण

जीडॅलबिल्डव्हीआरटी जोड.व्हीआरटी *.टिफ

जीडॅलवॉर्प -टी_एसआरएस ईपीएसजी:३२६४४ -टीई ७८.२ २०.५ ७९.७ २१.८ -टीई_एसआरएस ईपीएसजी:४३२६ -टीआर ३० ३० -टॅप -आर बायलिनियर -ओटी फ्लोट३२ -डीएसटीनोडेटा -९९९९ जोड.व्हीआरटी उंची.टिफ

पहिली कमांड टाइल जोडते, दुसरी त्यांचं प्रक्षेपण अंशांतून मीटरमध्ये बदलते. या दुसऱ्या कमांडमधले मुख्य पर्याय कशासाठी आहेत ते समजून घ्या, कारण नंतर दिसणारे बहुतेक दोष इथेच जन्मतात.

३२६४४ म्हणजे यूटीएम ४४ उत्तर, मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणाचा एक पट्टा. ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेचा सगळा जिल्हा याच पट्ट्यात येतो. प्रक्षेपण न बदलता अंशातल्या टाइलवरच दिशा काढली, तर नागपूरच्या अक्षांशावर पिक्सेल पूर्व-पश्चिम सुमारे २८.८ मीटर आणि उत्तर-दक्षिण ३०.७ मीटर असल्याने दिशा २ अंशांपर्यंत चुकते. तेवढं खपूनही जाईल. पण उताराचं गणित पार कोलमडतं: जीडॅलच्या जुन्या आवृत्त्या आडवं अंतर अंशात आणि उंची मीटरमध्ये धरतात, आणि सगळा जिल्हा ९० अंशांचा कडा होतो. यूटीएमची उत्तर आणि खरी उत्तर यांत नागपूरला साधारण ०.७ अंशाचा फरक पडतो. आठ दिशांच्या नकाशात तो सोडून द्या.

बायलिनियर लिहायला विसरलात तर जीडॅल सर्वांत जवळचा पिक्सेल जसाच्या तसा उचलतं. मग काही ओळी दोनदा येतात, काही गळतात, आणि दिशेच्या नकाशावर आडवे-उभे पट्टे उमटतात. फ्लोट३२ गाळलं आणि मूळ उंची पूर्णांकात असली, तर बायलिनियरने काढलेले दशांश पुन्हा पूर्ण मीटरवर येतात. -९९९९ दिलं नाही तर रिकामे कोपरे शून्याने भरतात आणि तीनशे मीटरचा खोटा कडा उभा राहतो.

फाइल साधारण ५,२०० स्तंभ आणि ४,८०० ओळींची होते, दाबली नाही तर सुमारे १०० एमबी.

दिशा आणि उतार

जीडॅलडेम आस्पेक्ट उंची.टिफ दिशा.टिफ -झिरो_फॉर_फ्लॅट

जीडॅलडेम स्लोप उंची.टिफ उतार.टिफ

दिशा म्हणजे पाणी ज्या बाजूला उतरेल ती बाजू: ० उत्तर, ९० पूर्व, १८० दक्षिण, २७० पश्चिम. पूर्ण सपाट जागेला जीडॅल एरवी -९९९९ देतं, आणि पुढच्या गणितात ती जागा नकाशातूनच नाहीशी होते. झिरो_फॉर_फ्लॅट दिल्यावर तिथे ० येतो. हा ० उत्तरेचाही असल्याने दिशा.टिफ तशीच कुणाच्या हाती देऊ नका. सपाट भाग वेगळा काढायचं काम पुढच्या पायरीत होतं.

जीडॅल_कॅल्क.पीवाय -ए दिशा.टिफ -बी उतार.टिफ --आउटफाइल=वर्ग.टिफ --टाइप=बाइट --कॅल्क="व्हेअर(बी<२,०,१+((ए+२२.५)%३६०)//४५)"

ए, बी आणि बाइटचं पहिलं अक्षर मोठ्या लिपीत हवं. अवतरण चिन्हं गाळली तर '<' मुळे शेल फाइल शोधायला जातं. विंडोजच्या बॅच फाइलमध्ये % दोनदा लिहा. निकालात ० म्हणजे सपाट, १ उत्तर, २ ईशान्य, ३ पूर्व, असं करत ८ वायव्य.

२ अंशांची मर्यादा का? ३० मीटरच्या पिक्सेलवर आजूबाजूच्या आठांपैकी कोपऱ्यातला एक जरी १ मीटरने वेगळा असला, तरी सुमारे एक तृतीयांश अंश उतार आणि तिरपी दिशा निघते. एवढी चूक या माहितीत कुठेही असू शकते. एसआरटीएम वापरत असाल तर मर्यादा ३ अंशांवर न्या. मंद उतारांचीच दिशा हवी असेल, तर वॉर्पमध्ये -टीआर ९० ९० -आर अ‍ॅव्हरेज देऊन आधी उंची गुळगुळीत करा.

सरासरी उंचीचीच काढायची, तयार दिशेची कधीही नाही. ३५० आणि १० या दोन्ही दिशा उत्तरेच्या, पण त्यांची सरासरी १८०, म्हणजे थेट दक्षिण. त्याच कारणाने दिशा.टिफचं प्रक्षेपणही नंतर बदलू नका, आणि झूमसाठी छोट्या आवृत्त्या बनवताना अ‍ॅव्हरेज टाळा.

तपासणी

जीडॅलइन्फो -हिस्ट दिशा.टिफ चालवून आलेख पाहा. ० वरचा ढीग सपाट जागेचाही असतो, तो सोडा. पण ४५, ९०, १३५ वर सुळके दिसले, तर पायऱ्यांचा दोष शिल्लक आहे. मग रामटेकच्या टेकडीची तुमच्या ओळखीची एक बाजू निवडा आणि जीडॅललोकेशनइन्फो -डब्ल्यूजीएस८४ वर्ग.टिफ नंतर रेखांश आणि अक्षांश द्या, याच क्रमाने. उलट दिलेत तर बिंदू नकाशाबाहेर जातो. अंबाझरी, गोरेवाडा किंवा तोतलाडोहच्या पाण्यावर ० यायला हवा.

किनारीचा एक पिक्सेल रिकामा राहतो, कारण गणिताला आठही शेजारी लागतात. म्हणून वरची चौकट जिल्ह्यापेक्षा थोडी मोठी घेतली आहे, हद्दीनुसार कापणी शेवटी करा. ठिपके फार असतील तर जीडॅल_सीव्ह.पीवाय -एसटी १० -८ ने दहा पिक्सेलांपेक्षा लहान तुकडे शेजारच्या वर्गात मिसळतात. दहा पिक्सेल म्हणजे ०.९ हेक्टर, त्यामुळे लहान शेतांसाठी हे करू नका. रंग देताना ८ आणि १ ला जवळच्या छटा द्या, कारण वायव्येशेजारीच उत्तर येते. सपाटाला करडा रंग पुरे.

उन्हासाठी वापर

दक्षिण उतार तापतो हा नियम नागपुरात बारमाही नाही. शहर २१.१५ अंश उत्तरेला असल्याने मेअखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत भर दुपारी सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. तेव्हा दक्षिण आणि उत्तर उतारांत दुपारी फारसा फरक पडत नाही. डिसेंबरअखेर मात्र दुपारचा सूर्य जेमतेम ४५ अंशांवर असतो. १० अंशांच्या दक्षिण उताराला त्या वेळी तितक्याच उत्तर उताराच्या सुमारे १.४ पट थेट ऊन मिळतं. हिवाळ्यातल्या कामासाठी ४, ५ आणि ६ हे वर्ग एकत्र घेऊन पाहा.