हेगू बिंदू शिकताना: ॲक्युपंक्चरच्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

ॲक्युपंक्चर शिकायला आलेला विद्यार्थी बहुधा ३६१ बिंदूंचा तक्ता पाठ करायला बसतो. तक्ता थोडा बाजूला ठेवून त्याने आधी हेगू हा एकच बिंदू बोटांच्या ओळखीचा करून घ्यावा, असे मी सुचवेन. मार्गिका म्हणजे चिनी वैद्यकात शरीरातील ऊर्जेचा मानलेला मार्ग; मोठ्या आतड्याच्या मार्गिकेवरील वीस बिंदूंपैकी हा चौथा. तर्जनीच्या टोकापासून निघालेली ही मार्गिका नाकपुडीजवळ संपते, म्हणूनच दातदुखी, डोकेदुखी आणि चेहऱ्याच्या तक्रारींसाठी चिनी वैद्य हातावरच्या या बिंदूकडे वळतात. परंपरेनुसार ती वरच्या ओठापाशी बाजू बदलते. त्यामुळे डावा दात दुखत असल्यास उजव्या हाताला सुई लावण्याचीही पद्धत आहे.

अंगठा तर्जनीला चिकटवल्यावर दिसणारा मांसल उंचवटा ही हेगूची प्रचलित खूण. बोटाने दाब देण्यापुरती ती चालते, सुईसाठी मला ती अपुरी वाटते. शिकत असताना आम्ही एकमेकांच्या हातांवर पेनाने बिंदू काढत असू, तेव्हा उंचवट्यावर विसंबलेल्यांच्या खुणा एकाच हातावर वेगवेगळ्या जागी पडत. हाडाची खूण अधिक भरवशाची. रुग्णाचा हात सैल ठेवून, तर्जनीच्या मुळापासून मनगटाकडे जाणाऱ्या हाडाची अंगठ्याकडची कड चाचपावी आणि तिचा मध्य गाठावा. नेमक्या जागी दाबल्यावर बहुतेकांना जडसर कळ जाणवते. मनगटाकडे मात्र सरकू नये, कारण तेथे दोन हाडांच्या बेचक्यातून धमनी तळहातात शिरते.

सुई साधारण अर्धा ते एक त्सुन सरळ जाते. त्सुन म्हणजे सांध्यापाशी मोजलेली अंगठ्याची रुंदी, आणि अंगठा रुग्णाचा, आपला नव्हे. त्यानंतर येणारे जडपण, ताण किंवा बधिरता, म्हणजेच द-छी, रुग्णाला स्वतःच्या शब्दांत सांगू द्यावी. कोणी ‘हात भरून आला’ म्हणतो, कोणी ‘मुंग्या आल्या’. विजेसारखा झटका बसला, तर सुई लगेच मागे घ्यावी. नवख्या रुग्णाला चक्कर येऊ शकते, म्हणून त्याला झोपवूनच सुई लावणे बरे.

हा बिंदू प्रसूतीला चालना देतो असे मानले जात असल्याने गर्भवतीसाठी तो परंपरेने वर्ज्य आहे. सुई हातात घेण्यापूर्वीच स्पष्ट विचारून घ्यावे. आणि दातदुखी थांबली तरी किडलेला दात तसाच राहतो, तेव्हा त्या रुग्णाला दंतवैद्याकडे पाठवावेच.