गच्चीवर सौर पॅनेल बसवताय? ‘पीएम सूर्यघर’चे अनुदान असे मिळवा

पीएम सूर्यघर मोफत वीज योजनेत घरगुती ग्राहकाला १ किलोवॉटसाठी ३० हजार, २ किलोवॉटसाठी ६० हजार आणि ३ किलोवॉटसाठी ७८ हजार रुपये केंद्राचे अनुदान मिळते. त्याहून मोठी यंत्रणा बसवली तरी रक्कम ७८ हजारच राहते. म्हणून विक्रेत्याला फोन करण्याआधी स्वतःचे वीजबिल घेऊन बसा.

महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो. वर्षाची सरासरी काढा, एकट्या मे महिन्याचा आकडा धरू नका. १ किलोवॉटमधून महिन्याला साधारण १०० ते १२० युनिट वीज तयार होते आणि त्यासाठी सावली न पडणारी शंभरेक चौरस फूट जागा लागते. सरासरी २०० युनिटच्या आसपास असेल तर २ किलोवॉट पुरे. ‘पाच किलोवॉटच बसवा, पुढे एसी घ्याल’ असा आग्रह झाला तर लक्षात ठेवा: त्या जास्तीच्या ३ किलोवॉटवर अनुदान फक्त १८ हजार वाढते, बाकी सगळा खर्च तुमचा.

बिलावरचे नावही पाहा. आपल्याकडे कित्येक मीटर अजून आजोबांच्या नावावर आहेत. नावबदल आधी उरकून घ्या.

मग योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर मोबाइल क्रमांकाने नोंदणी करा, राज्य आणि वीज कंपनी निवडा, ग्राहक क्रमांक टाका आणि अर्ज भरा.

विक्रेता पोर्टलवरच्या नोंदणीकृत यादीतलाच हवा. दोन-तीन जणांकडून दरपत्रक घ्या आणि एक प्रश्न हमखास विचारा: पॅनेलमधले सेल, म्हणजे उन्हापासून वीज बनवणारे तुकडेही, भारतात बनलेले आहेत का? नुसते पॅनेल इथे जोडलेले असून चालत नाही, अनुदान अडते. उत्तर करारात लिहून घ्या, पाच वर्षांच्या देखभालीची अटही त्यातच घाला.

अनुदान काम झाल्यावर तुमच्या खात्यात येते, त्यामुळे सुरुवातीला पूर्ण रकमेची सोय करावी लागते. सरकारी बँका यासाठी तारणाशिवाय कर्ज देतात.

पॅनेल बसल्यावर नेट मीटरसाठी अर्ज होतो. दिवसा उरलेली वीज ग्रीडमध्ये, म्हणजे वीज कंपनीच्या जाळ्यात जाते, रात्री तुम्ही ग्रीडची वापरता आणि बिल फरकाचे येते. स्थिर आकार मात्र भरावाच लागतो. आणखी एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत: बॅटरी नसलेली यंत्रणा वीज गेली की भर उन्हातही बंद पडते. तारांवर काम करणाऱ्या लाइनमनच्या जिवासाठी ती तशीच बनवलेली असते.

वीज कंपनीची तपासणी होऊन यंत्रणा सुरू झाल्याची नोंद पोर्टलवर आली की बँक खात्याचा तपशील भरून अनुदानाची मागणी करा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हा विषय सोसायटीच्या सभेत मांडावा. लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे अशा सामायिक वापरासाठी सोसायटीला प्रति किलोवॉट १८ हजार रुपये मिळतात.