जुन्या संगणकावरील मेमरीनिवासी डिस्प्ले ड्रायव्हरांमधील संघर्ष कसा सोडवावा

एमएस-डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणाऱ्या संगणकात अक्षरांऐवजी कचरा दिसू लागला, प्रोग्राममधून बाहेर पडताच पडदा काळा झाला किंवा ग्राफिक्स सुरू होताच यंत्र अडकले, की पहिला संशय ग्राफिक्स कार्डावर जातो. कार्ड बदलण्यापूर्वी मेमरीत मुक्काम ठोकणारे ड्रायव्हर, म्हणजेच टीएसआर, तपासणे अधिक शहाणपणाचे आहे. पडद्याविषयीच्या बहुतेक विनंत्या इंटरप्ट १०एच मार्गे जातात; इंटरप्ट म्हणजे प्रोग्रामाने सेवा मागण्याचा ठरलेला क्रमांक, ज्यासमोर ती सेवा देणाऱ्याचा मेमरीतील पत्ता नोंदलेला असतो. असा प्रत्येक ड्रायव्हर त्या इंटरप्टच्या जागी स्वतःचा पत्ता नोंदवतो आणि आधीचा पत्ता जवळ ठेवतो. त्यामुळे शेवटी आलेल्याला विनंती सर्वांत आधी मिळते आणि त्याने ती पुढे पाठवली नाही, तर आधीचे ड्रायव्हर मेमरीत असूनही निरुपयोगी ठरतात.

प्रथम कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅट या, सुरू होताना ड्रायव्हर व प्रोग्राम चढवणाऱ्या, दोन्ही फाइलींची प्रत स्टार्टअप फ्लॉपीवर घ्यावी. एमएस-डॉस ६.० किंवा त्यापुढील आवृत्तीत, संगणक सुरू होतानाचा संदेश दिसताच एफ५ दाबल्यास दोन्ही फाइली वगळल्या जातात. तरीही बिघाड कायम राहिला, तर दोष या ड्रायव्हरांचा नाही. बिघाड नाहीसा झाल्यास पुढच्या वेळी एफ८ दाबून एकेका ओळीला होकार किंवा नकार देत जावे (६.० मध्ये ऑटोएक्झेक.बॅटला मात्र एकत्रच होकार किंवा नकार देता येतो, तिच्या ओळी एकेक करून ६.२ पासून विचारल्या जातात). ५.० मध्ये ही सोय नसल्याने संशयित ओळीच्या आरंभी रेम लिहून ती निष्क्रिय करावी लागते.

दोषी जोडी सापडली की आधी क्रम पाहावा. आन्सी.सिस (पडद्यावरील रंग व कर्सर हाताळणारा ड्रायव्हर) आणि डिस्प्ले.सिस (इतर भाषांचे अक्षरसंच दाखवणारा) दोन्ही हवे असतील, तर आन्सी.सिसची ओळ आधी ठेवावी. व्हेसा ड्रायव्हर, म्हणजे उच्च रिझोल्यूशनच्या ग्राफिक्ससाठीच्या सामाईक मानकाचा ड्रायव्हर, मात्र एकच असावा: कार्डासोबत आलेला आणि वेगळा मिळवलेला युनिव्हीबीई एकत्र ठेवण्यात काहीच लाभ नाही. चालू असलेला टीएसआर काढायचा असल्यास शेवटी आलेला आधी काढावा. मधलाच काढल्यास इंटरप्टांची साखळी तुटते.

काही वेळा भांडण ड्रायव्हरांचे नसून जागेचे असते, आणि ते ओळखणे सर्वांत अवघड असते. डिव्हाइसहाय किंवा लोडहाय (ड्रायव्हर ६४० केबीच्या वरच्या मेमरीत बसवणाऱ्या आज्ञा) वापरल्यावर बिघडणारा ड्रायव्हर साध्या डिव्हाइस ओळीने अथवा नेहमीच्या आज्ञेने नीट चालत असेल, तर कॉन्फिग.सिसमधील ईएमएम३८६ची, म्हणजे ती वरची मेमरी उपलब्ध करून देणाऱ्या ड्रायव्हरची, ओळ तपासावी. ए००० ते बीएफएफएफ (हे षोडशमान पद्धतीतले मेमरीचे पत्ते आहेत) हा पट्टा व्हिडिओ मेमरीसाठी राखीव असतो, तर व्हीजीए कार्डाचा बायोस, म्हणजे कार्डावरच साठवलेला मूलभूत प्रोग्राम, सहसा सी००० ते सी७एफएफ येथे असतो. ओळीत आय=बी०००-बी७एफएफ (हा पट्टा ड्रायव्हरांसाठी वापरा) असल्यास ते काढून टाकावे आणि एक्स=सी०००-सी७एफएफ (हा पट्टा वापरू नका) जोडावे. काही किलोबाइट कमी मिळतील, पण बिघाड हटला तर हा सौदा परवडतो. प्रत्येक बदलानंतर संगणक पुन्हा सुरू करून मेम /सी ही आज्ञा द्यावी आणि कोणता ड्रायव्हर कोठे बसला ते पाहावे. एमएस-डॉस ६.० पासून सोबत येणारा मेममेकर हा प्रोग्राम या टप्प्यावर चालवू नये, कारण तो मोकळी मेमरी वाढवण्यासाठी आहे, संघर्ष शोधण्यासाठी नव्हे.

परस्परविरोधी दोन्ही ड्रायव्हर वेगवेगळ्या प्रोग्रामांसाठी खरोखरच आवश्यक असतील, तर ६.० पासून कॉन्फिग.सिसमध्ये मेनू तयार करून प्रत्येकासाठी स्वतंत्र विभाग ठेवता येतो, ५.० वर त्याऐवजी दोन वेगळ्या स्टार्टअप फ्लॉपी कराव्यात.