घरी मॉर्फिन देताना: गोळी कुठे जाऊन बसते ते आधी समजून घ्या

डिस्चार्जच्या कागदावर वेदना दबवणाऱ्या औषधाची एकच ओळ असते: मॉर्फिन १० मिग्रॅ, दर ४ तासांनी. तेवढ्या ओळीवरून घराघरांत किती वाद होतात ते मी बघते. मी पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे गंभीर आजारात दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेतली नर्स. सांगली-मिरजेच्या आसपासच्या गावांत कॅन्सरचे जे पेशंट घरी असतात, त्यांच्याकडे माझी फेरी असते. सून म्हणते, डॉक्टरांनी सांगितलंय तर देऊया. थोरला मुलगा म्हणतो, सवय लागेल. भावकीतलं कुणी येऊन 'ही शेवटची गोळी असते' असं सांगून जातं. आजोबा कुस बदलताना विव्हळतात, आणि गोळ्या फडताळातच राहतात.

म्हणून मी गोळी कशी द्यायची हे सांगण्याआधी ती शरीरात कुठे जाते ते सांगते. ते कळलं की नियम पाठ करावे लागत नाहीत.

मेंदूत, पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत आणि आतड्याच्या भिंतीत पेशींवर काही ठरावीक जागा असतात. त्यांना ओपिऑइड रिसेप्टर म्हणतात. पंगतीत मांडलेले पाट समजा. हे पाट मॉर्फिनसाठी मांडलेले नाहीत. शरीर स्वतःच वेदना दबवणारी द्रव्यं तयार करतं, त्यांच्यासाठी ते आहेत. हे रिसेप्टर १९७३ मध्ये प्रयोगशाळेत दाखवता आले. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून एन्केफॅलिन हे शरीराचं स्वतःचं द्रव्य शोधून काढलं. अफूच्या बोंडातलं मॉर्फिन त्याच पाटावर जाऊन बसतं. ते बसलं की दुखण्याचा निरोप देणाऱ्या पेशीत कॅल्शियम कमी शिरतं, त्यामुळे ती निरोप सोडायचा कमी करते. निरोप घेणाऱ्या पेशीतून पोटॅशियम बाहेर पडतं, तीही चटकन उठत नाही. गाठ आहे तिथेच आहे, पण तिची ओरड मज्जारज्जूतच पुष्कळशी दबते.

मुख्य पाट तीन तऱ्हांचे: म्यू, डेल्टा आणि कॅपा. मॉर्फिनचं बहुतेक काम म्यूवर चालतं. अडचण अशी की म्यू फक्त दुखण्याच्या वाटेवर नाहीत. ते आतड्यात आहेत, उलटीची भावना जिथून उठते तिथे आहेत, मेंदूच्या तळाशी श्वासाची लय सांभाळणाऱ्या भागात आहेत आणि मन सुखावणाऱ्या वाटेवरही आहेत. गोळी रक्तातून सगळीकडे फिरते. तिला 'फक्त मणक्याकडे जा' असं सांगता येत नाही.

आता वेळा. साधी गोळी अर्ध्या तासाच्या आसपास लागू पडायला लागते, तासाभरात जोरात येते आणि चारेक तासांत ओसरते. म्हणजे ४ तासांनी पाट रिकामे व्हायला लागतात. दुखायला लागल्यावर गोळी शोधली, तर ती पोहोचेपर्यंत पेशंट तळमळणार, आणि एकदा भडकलेलं दुखणं आवरायला जास्त औषध लागतं. 'आत्ता दुखत नाहीये, मग कशाला?' असं म्हणून दुपारची गोळी चुकवू नका. दुखत नाहीये ते सकाळच्या गोळीमुळे. आमच्याकडे वेळा साधारण अशा बसवतात: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६ आणि रात्री १०. रात्री १० चा डोस पुष्कळदा दुप्पट लिहिलेला असतो, म्हणजे २ वाजता कुणाला उठवायला नको. तुमच्या कागदावर तसं लिहिलं असेल तरच दुप्पट द्या.

मधेच दुखणं उसळलं तर जादा डोस असतो. तो साधारणपणे दिवसभराच्या एकूण मात्रेचा सहावा भाग. १० मिग्रॅच्या चार वेळा आणि रात्री २० म्हणजे दिवसाला ६०. जादा डोस १०. तो दिला तरी पुढचा ठरलेला डोस चुकवायचा नाही. प्रत्येक जादा डोस वहीत लिहा, वेळेसकट. मी आले की आधी वही मागते. रोज तीन-चार वेळा जादा डोस लागत असेल, तर मूळ मात्रा कमी पडतेय हे डॉक्टरांना त्या वहीवरूनच कळतं. अंघोळ किंवा ड्रेसिंग करताना दुखत असेल तर त्याआधी अर्धा तास जादा डोस द्यायचा का, हेही विचारून ठेवा. बायका हे विचारायला संकोचतात आणि दर ड्रेसिंगला पेशंटबरोबर स्वतःही रडतात.

बद्धकोष्ठ. याच्यावर मी सगळ्यात जास्त बोलते, कारण लोक याच एका त्रासापायी मॉर्फिन सोडतात. आतड्यातल्या पाटांवर मॉर्फिन बसलं की आतडं पुढे ढकलायचं काम मंद होतं, पाणी शोषलं जातं, मल खड्यासारखा होतो. जुलाबावर आपण जी लोपेरामाइडची गोळी घेतो ना, तीही ओपिऑइडच आहे. ती आतड्यातल्या याच पाटांवर बसते, फक्त नेहमीच्या मात्रेत मेंदूत शिरू शकत नाही, म्हणून झोप आणत नाही आणि वेदनाही थांबवत नाही. मॉर्फिन मात्र दोन्हीकडे बसतं. मळमळ आणि गुंगी यांची शरीराला काही दिवसांत सवय होते. बद्धकोष्ठाची होत नाही. जोवर मॉर्फिन, तोवर पोट साफ व्हायचं औषध, पहिल्या दिवसापासून. बिसाकोडिल किंवा सोनामुखीसारखं आतड्याला हलवणारं औषध लागतं. घरात इसबगोल असतो आणि आजी प्रेमाने तोच घोळून देतात. तो इथे देऊ नका. मंदावलेल्या आतड्यात, त्यात पाणी कमी पिणाऱ्या पेशंटला, तो गोळा होऊन अडकतो. तीन दिवस शौचाला झालं नाही तर चौथ्याची वाट बघू नका, फोन करा. आणि पातळ पाण्यासारखं थोडं थोडं होत असेल तर 'जुलाब लागले' म्हणून औषध बंद करू नका. वर खडा अडकून बाजूने पाणी झिरपत असू शकतं.

मळमळ पहिले काही दिवस. त्यासाठी डॉक्टर मेटोक्लोप्रामाइड किंवा हॅलोपेरिडॉल देतात. हॅलोपेरिडॉल हे मनोविकाराचं औषध कागदावर दिसलं म्हणून घाबरू नका, अगदी लहान मात्रेत ते उलटीसाठी चालतं. पहिले दोन-तीन दिवस पेशंट खूप झोपतो. त्यातली बरीचशी कित्येक रात्रींची राहिलेली झोप असते. हाक मारली की उठतो, ओळखतो, पाणी पितो ना? मग झोपू द्या.

श्वासाची भीती खरी आहे, पण तिची एक चाल असते. आधी गुंगी वाढते, मग श्वास मंदावतो. म्हणून गुंगीवर लक्ष ठेवा. हलवूनही नीट जागा होत नाही, श्वास मिनिटाला आठाच्या खाली आलाय, ओठ निळसर दिसताहेत: पुढची गोळी देऊ नका आणि लगेच फोन करा. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या असणं एकट्याने धोक्याचं नाही, नेहमीच्या मात्रेतही तसं दिसतं. हॉस्पिटलमध्ये अशा वेळी नॅलोक्सोन देतात. ते पाटावर बसतं, मॉर्फिनला उठवतं आणि स्वतः काही जेवत नाही. पण त्याचा असर लवकर संपतो आणि मॉर्फिन पुन्हा येऊन बसू शकतं, म्हणून शुद्धीवर आला की लगेच घरी आणू नका.

एक बारकावा मोठ्या माणसांच्याही लक्षात येत नाही. वेदना स्वतःच श्वासाला जागं ठेवते. हाडाला रेडिएशन दिलं आणि दुखणं पटकन उतरलं, तर कालपर्यंत सोसणारी मात्रा आज जास्त होऊ शकते. रेडिएशननंतर मात्रा कमी करायची का, हे आवर्जून विचारा. तसंच किडनी बिघडली, लघवी कमी झाली, तर मॉर्फिनपासून बनलेले पदार्थ अंगात साठतात आणि गुंगी, अंगाला झटके, भ्रम सुरू होतो. लघवीचं प्रमाण वहीत लिहायला सांगते ते यासाठी. झोपेच्या गोळ्या आणि दारू तर मॉर्फिनबरोबर अजिबात नको. श्वास मंदावण्यात त्यांचाही हात लागतो.

आता सवयीबद्दल, थोरल्या मुलासाठी. काही आठवड्यांनी शरीर मॉर्फिनला सरावतं आणि एकदम बंद केलं तर घाम, जुलाब, अस्वस्थता येते. याला व्यसन म्हणत नाहीत. व्यसन म्हणजे त्रास होत असतानाही औषधामागे धावणं. घरात पूर्वी कुणाला दारूचं किंवा दुसरं व्यसन असेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा, ते जास्त लक्ष ठेवतील. मात्रा वाढवायला लागली तर बहुतेक वेळा आजार पुढे सरकलेला असतो. आणि मॉर्फिन सुरू झालं म्हणजे दिवस मोजायला लागा असं नाही. दुखणं कमी झाल्यावर वर्षभर शेतावर चक्कर मारून येणारे लोक माझ्या यादीत आहेत.

घरात दुखण्यावरच्या जुन्या गोळ्या असतील तर त्या मिसळू नका. ट्रामाडॉल म्यूवर हलकंच बसतं, शिवाय त्याला दुसरे मार्गही आहेत. डिप्रेशनच्या काही गोळ्यांबरोबर ते धोक्याचं ठरतं. दुखण्यावर पेंटाझोसिनचं इंजेक्शन गावच्या दवाखान्यात सहज देतात. ते कॅपावर काम करतं आणि म्यूवरून मॉर्फिनला बाजूला सारतं, म्हणजे मॉर्फिनवरचा पेशंट आणखी तळमळायला लागतो. गावच्या डॉक्टरांना सांगा, 'मॉर्फिन चालू आहे.' हे मोठ्या अक्षरात वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवा. मॉर्फिन पुरेसं देऊनही भाजल्यासारखं, वीज गेल्यासारखं दुखणं राहत असेल तर ते मज्जातंतूंचं दुखणं असतं. तिथे गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलीन अशी वेगळी औषधं लागतात. नुसतं मॉर्फिन वाढवून भागत नाही.

कातडीवर लावायचा फेंटानिलचा (हेही ओपिऑइडच) पॅच असेल तर पहिला असर यायला अर्धा-एक दिवस जातो, तोपर्यंत गोळ्या कशा द्यायच्या ते विचारून घ्या. पॅचवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका. उष्णतेने औषध भराभर आत जातं. ताप चढला तरी तेच, कळवा. लांब असर करणाऱ्या १२ तासांच्या मॉर्फिनच्या गोळ्या कुटून दुधात घालू नका, सगळी मात्रा एकदम सुटते. गिळता येत नसेल तर साध्या गोळीचा पर्याय मागा.

शेवटचं काम गोळ्या जपायचं. अमली पदार्थांवरच्या एनडीपीएस कायद्यामुळे मॉर्फिन प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. २०१४ च्या दुरुस्तीनंतर मान्यताप्राप्त संस्थांमधून मिळणं सोपं झालं, पण फेरी मारावीच लागते. आठवडाभराच्या गोळ्या उरल्या की फोन करा; दिवाळीच्या सुट्ट्यांत तर आणखी आधी. डबी कुलपात ठेवा, पोरांच्या हाताला लागणार नाही अशी. गोळ्या मोजून वहीत आकडा लिहा. दुसऱ्याच्या पाठदुखीवर 'एक देऊन बघा' म्हणून शेजारी देऊ नका, त्याच्या अंगाला ती सवय नसते आणि एकच गोळीही त्याचा श्वास मंदावू शकते. पेशंट गेल्यावर उरलेल्या गोळ्या आणि वापरलेले पॅच, चिकटणाऱ्या बाजू आत दुमडून, मोजून आमच्याकडे परत द्या. पावती मी लिहून देते.